गाणारा कुठे उभा आहे? : इंडी म्युझिक व्हिडिओ समजून घेताना

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझा भाचा मिरजेहून लॅपटॉप घेऊन घरी आला. त्याचा चार जणांचा बँड आहे. गाणी स्वतःच लिहितात, घरातल्या खोलीत रेकॉर्ड करतात, व्हिडिओही आपापसांत पैसे काढून करतात. कंपनीशिवाय स्वतःच्या बळावर केलेल्या अशा संगीताला इंडी म्हणतात. "मामा, व्हिडिओ झालाय, पण कायतरी जुळंना झालंय. बघा की जरा," म्हणाला.

सव्वाचार मिनिटांचा तो व्हिडिओ आम्ही लागोपाठ तीनदा पाहिला. गाणं २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातलं आजीचं घर सोडावं लागलं, त्यावर आहे. त्याची आजी म्हणजे माझी आई, त्यामुळे ते घर माझंही. ध्रुवपद तीनच शब्दांचं : 'दार उघडं ठेव'. पडद्यावर एकीकडे काळं जॅकेट घालून आयर्विन पुलावर गाणारा भाचा आणि ड्रोनमधून दिसणारी कृष्णा. दुसरीकडे आई, घर, सामानाची बांधाबांध. दोन्ही गोष्टी सुट्या पाहिल्या तर छान होत्या. एकत्र पाहताना मात्र दोन वेगळ्या गाण्यांचे व्हिडिओ कुणीतरी पत्त्यांसारखे पिसल्यासारखं वाटत होतं.

असं का होतं, हे उलगडत आम्ही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसलो. त्याच्यासारखी कितीतरी पोरं आज सांगली-साताऱ्यात कॅमेरा घेऊन फिरताहेत, म्हणून ते सगळं इथे मांडतो.

म्युझिक व्हिडिओत मुळात दोन कामं चाललेली असतात : कुणीतरी गातं आणि काहीतरी घडतं. गाण्याच्या बाजूला परफॉर्मन्स म्हणतात, घडण्याच्या बाजूला नॅरेटिव्ह. आपण सादरीकरण आणि कथन म्हणू. सगळी गुंतागुंत या दोघांच्या नात्यात आहे. कथेतल्या माणसांना गाणाऱ्याचा आवाज ऐकू येतो का? गाणारा त्यांच्यातलाच एक आहे की बाहेरून त्यांची गोष्ट सांगतोय? आणि तो मुळात दिसायलाच हवा का?

सांगलीनं या प्रश्नाचं एक उत्तर फार आधी दिलेलं आहे. १८४२ साली कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ इथे झाले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आलं. भाव्यांच्या नाट्यगृहावरून आपण रोज जातो, पण त्या खेळाची रचना काय होती हे फारसं कुणी सांगत नाही. सूत्रधार पूर्ण वेळ रंगमंचावर असायचा. कथा पदांतून गायचा तो. पात्रं यायची, त्याच्या पदांना अनुसरून अभिनय करायची आणि मधूनमधून आयत्या वेळी सुचेल ते गद्य बोलायची. म्हणजे आवाज एकाचा आणि अंगं दुसऱ्यांची. पुढे १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' आणलं आणि पात्रं आपली पदं स्वतःच गाऊ लागली. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल त्याच वाटेनं पुढे गेले. गाणं सूत्रधाराच्या तोंडून पात्राच्या तोंडी गेलं, त्या दिवशी त्याचा अर्थही बदलला. सूत्रधार गातो तेव्हा आपण गोष्ट ऐकतो. पात्र गातं तेव्हा त्याच्या मनात शिरतो.

आजच्या म्युझिक व्हिडिओत हेच दोन पर्याय आहेत, आणि कॅमेऱ्यामुळे तिसरा मिळाला : गाणारा अजिबात न दाखवणं, नुसता आवाज. व्हिडिओ पाहायला बसलात की पहिल्या अर्ध्या मिनिटात एवढंच बघा, गाणारा सूत्रधार आहे, पात्र आहे की गायब आहे. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त व्हिडिओंचं कोडं तिथेच सुटतं. भाच्याच्या व्हिडिओचं दुखणंही तिथेच होतं. गाण्याचे शब्द 'मी', 'माझी आजी', 'माझं घर' असे होते, म्हणजे पात्राचे. आणि त्यानं स्वतःला उभं केलं होतं पुलावर, गोष्टीच्या पार बाहेर, सूत्रधाराच्या जागी.

आता सादरीकरण कसं चित्रित होतं ते पाहू, कारण त्यातल्या एका सोयीतून बऱ्याच चुका जन्माला येतात. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं असतं. शूटिंगच्या जागी ते स्पीकरवर वाजवतात आणि गाणारा त्यावर ओठ हलवतो, याला लिपसिंक म्हणतात. पूर्ण गाणं एकदा लांबून घेतात, एकदा जवळून, एकदा बाजूनं, एकदा फक्त हात आणि वाद्यं. हे सगळे टेक एकाच ध्वनिमुद्रणावर बेतलेले असल्यामुळे एडिटिंगच्या टाइमलाइनवर एकाखाली एक ठेवले की कुठल्याही सेकंदाला कुठल्याही टेकवर उडी मारता येते. ओठ जुळतातच. पुलावर सुरू झालेली ओळ शेतात संपली तरी डोळ्याला खटकत नाही, कारण खालून आवाजाचा धागा अखंड आहे. सिनेमात माणूस पुलावरून एकदम शेतात दिसला तर आपण विचारतो, हा आला कसा? व्हिडिओत हा प्रश्न पडत नाही. शेतात उभ्या इलेक्ट्रिक गिटारला वायर का नाही, हेही कुणी विचारत नाही. आवाज तिथे तयार होत नाहीये, हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं आणि त्यानं ते मान्य केलेलं असतं.

या सोयीची एक किंमत आहे. कथेतला एखादा शॉट बिघडला, एखादा राहून गेला, की तिथे गाणाऱ्याचा शॉट टाकायचा मोह होतो. ते ठिगळ असतं. भाच्याच्या व्हिडिओत अशी ठिगळं मी मोजली तर अकरा निघाली. प्रत्येक ठिकाणी मी एकच विचारलं, "आत्ता इथे तू का दिसतोस?" तीन ठिकाणी त्याच्याकडे उत्तर होतं.

सादरीकरणाची खरी ताकद नजरेत असते. गाणारा लेन्समध्ये पाहून गातो तेव्हा तो पाहणाऱ्याशी बोलत असतो, कीर्तनकार समोरच्या श्रोत्याला धरून बोलतो तसा. तो फ्रेममधल्या दुसऱ्या माणसाकडे पाहून गातो तेव्हा आपण चोरून ऐकणारे होतो. आणि खाली किंवा लांब कुठे तरी पाहत गातो तेव्हा गाणं त्याचं स्वतःशी चाललेलं असतं. एका गाण्यात या तिन्ही नजरा येऊ शकतात, पण नजर बदलली की नातं बदलतं, म्हणून ती कडव्याच्या मध्येच उगाच बदलू नये. भाच्यानं एकाच ओळीत दोनदा लेन्सकडे आणि दोनदा नदीकडे पाहिलं होतं. दिसायला छान होतं, पण तो कुणाशी बोलतोय ते शेवटपर्यंत कळत नव्हतं.

सादरीकरणातली एक जुनी करामत सांगतो, कारण ती साध्या कॅमेऱ्यानंही जमते. 'कोल्डप्ले' या इंग्लिश बँडचा २००० सालचा 'यलो'चा व्हिडिओ म्हणजे पहाटेच्या समुद्रकिनाऱ्यावरून गायक चालत येतोय, एवढंच. पण त्याचं चालणं, भिजलेलं जॅकेट, लाटा, सगळं संथ. ओठ मात्र गाण्याबरोबर अचूक. हे कसं? चित्रण सेकंदाला ५० फ्रेमनं केलं आणि दाखवलं निम्म्या वेगानं. त्यासाठी किनाऱ्यावर गाणं दुप्पट वेगानं वाजवलं आणि त्यानं ते दुप्पट वेगानं म्हटलं. पुन्हा सावकाश केल्यावर ओठ जागेवर आले आणि भोवतालचं जग मंदावलं. एका माणसाच्या चालण्यातून आठवणीसारखी लय मिळाली, कथा न सांगता.

कथनाकडे वळलं की अडचण वेगळी. चार मिनिटं, संवाद नाहीत, पात्रांना नावं नाहीत, आणि पाहणाऱ्याचं निम्मं लक्ष गाण्याकडे. इथे सिनेमासारखी गोष्ट सांगायला गेलं की ती कोंबल्यासारखी होते. म्हणून चांगले व्हिडिओ गोष्टीचं एखादं टोक धरतात, बाकीचं आपल्यावर सोडतात. एक वस्तू घेतात आणि तिच्यावर भार टाकतात. पिशवी, चप्पल, किल्ली. संवाद नसताना काळ किती गेला हे वस्तूच सांगते : भिंतीवरचं कॅलेंडर, खुंटीवरून नाहीसा झालेला शर्ट, पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ. ती रेघ पाहिलेल्या सांगलीकराला पूर दाखवावा लागत नाही.

क्रम बदलूनही कथन होतं. 'कोल्डप्ले'च्याच २००२ मधल्या 'द सायंटिस्ट'चा व्हिडिओ पूर्ण उलटा चालतो. गायक रस्त्यावरून, भिंतींवरून उलटा फिरत जातो आणि शेवटाकडे आपल्याला कळतं की हे सगळं एका मोटार अपघातापासून सुरू झालेलं आहे. फिल्म उलटी चालली तरी ओठ सुलटे दिसावेत म्हणून त्यानं गाण्याचे शब्द उलटे म्हणायची तयारी केली होती. गाणं मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची इच्छा बोलून दाखवतं आणि चित्र खरोखर मागे जातं. तंत्र अर्थातून आलंय, म्हणून ते दिखाऊ वाटत नाही.

चेहऱ्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. पहिल्या शूटला पोरांनी माझ्या आईला रडायला सांगितलं होतं. तिनं प्रयत्न केला, पण ते खोटं दिसत होतं आणि तिलाही अवघडल्यासारखं झालं. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. एका नटाचा तोच, भाव नसलेला चेहरा त्यांनी वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला : एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. अर्थ चेहऱ्यात नव्हता, दोन चित्रांच्या सांध्यात होता. आईचा नुसता शांत चेहरा आणि त्याला जोडून चिखलाची रेघ. तिनं काही करायची गरजच नाही. रडायचं ते पाहणारा रडेल. २०२० साली लॉकडाऊनमध्ये प्रतीक कुहाड यांच्या 'कसूर' गाण्याचा व्हिडिओ आला, दार गाय यांनी दिग्दर्शित केलेला. त्यात आपापल्या घरी बसलेली माणसं आहेत, त्यांना विचारलेल्या गोष्टींवर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं एवढंच दिसतं. कथा सांगितलेली नाही, तरी प्रत्येक चेहऱ्यामागे एक आहे असं वाटत राहतं, कारण गाणं आणि चेहरा यांच्या सांध्यात ती आपणच भरतो.

शब्द आणि चित्र यांचं नातं तीन प्रकारचं असतं, असं अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ साली मांडलं. चित्र शब्दांचंच दर्शन घडवतं, किंवा शब्दांत नसलेलं काही त्यांत घालतं, किंवा शब्दांशी संबंधच तोडतं. पहिला प्रकार सर्वांत सोपा आणि सर्वांत लवकर कंटाळवाणा होणारा. 'दिवा' म्हटलं की दिवा, 'पाऊस' म्हटलं की पाऊस. भाच्यानं हेच केलं होतं, ओळीमागून ओळ. पाहणाऱ्याला करायला काही उरलंच नव्हतं. दुसरा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याची सगळ्यात मोठी संधी ध्रुवपदात असते.

ध्रुवपद परत परत तेच येतं. शब्द तेच, चाल तीच. पण मधल्या कडव्यांत पाहणारा पुढे गेलेला असतो, त्यामुळे तेच शब्द त्याला वेगळे ऐकू येतात. अभंगात प्रत्येक चरणानंतर ध्रुवपदाकडे परतताना हेच होतं. टाळकरी तीच ओळ उचलतात आणि प्रत्येक वेळी ती थोडी जड झालेली असते. व्हिडिओत ही वाढ चित्रानं करायची असते. भाच्याला मी विचारलं, 'दार उघडं ठेव' तीनदा येतं, तिन्ही वेळा तू पुलावरच का आहेस?

मग आम्ही दारावरच बसलो. पहिल्यांदा ही ओळ येते तेव्हा दार उघडं ठेवणारी आजी आहे, रात्री उशिरा घरी येणाऱ्या नातवासाठी कडी न लावणारी. दुसऱ्यांदा घर सोडून बोटीत बसायची वेळ आहे. पाण्याच्या जोरानं दार तुटू नये म्हणून आम्ही ते उघडंच टाकून निघालो होतो. आणि तिसऱ्यांदा? इथे मी त्याला एक गोष्ट सांगितली, ती त्याला माहीत नव्हती. तो तेव्हा लहान होता. पाणी ओसरल्यावर ते सागवानी दार भिजून इतकं फुगलं होतं की चौकटीत बसेना. कितीतरी दिवस ते बंदच झालं नाही. आई रात्री दाराला खुर्ची लावून झोपायची. ओळ तीच, पण तिसऱ्या वेळी ती विनंतीही नाही आणि निरोपही नाही. दार बंद होऊच शकत नाही.

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे तर गाण्यात लिहिलंच नाही मी." लिहायची गरजही नाही. तेच चित्राचं काम.

जागेबद्दल. आयर्विन पूल १९२९ पासून उभा आहे आणि व्हिडिओत तो देखणा दिसतो, यात शंका नाही. पण सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना विचारतात, "आयर्विनला किती फूट?" चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ मध्ये पाणी सत्तावन्नच्याही वर गेलं होतं. त्या आकड्यांवर आमची झोप अवलंबून असते. अशा जागेला नुसता मागचा पडदा करणं मला अन्याय वाटतो. पूल ठेवायचा तर खांबावरच्या फुटांच्या खुणा दाखवायच्या, त्याही उन्हाळ्यातल्या कोरड्या. ते बघताना इथला माणूस आपोआप पाणी कुठवर होतं ते मोजतो. साताऱ्याच्या पोरांना अजिंक्यताऱ्याबद्दल हेच सांगेन : वरून सूर्योदय घेण्याआधी तिथे तुमच्या गाण्यातलं कोण, कशासाठी चढलं असतं, ते ठरवा.

कटचं गणित थोडक्यात. या गाण्याचा वेग मिनिटाला ८० ठोके, म्हणजे एक ठोका पाऊण सेकंदाचा आणि चार ठोक्यांचं आवर्तन बरोबर ३ सेकंदांचं. सव्वाचार मिनिटांत अशी ८५ आवर्तनं बसतात. प्रत्येक समेवर कट मारला की ८५ शॉट होतात आणि सगळं कवायतीसारखं ठोकळेबाज वाटतं. काही कट समेवर घ्यावेत, काही तिच्या किंचित आधी, आणि एखादा शॉट चार-पाच आवर्तनं तसाच चालू द्यावा. तबलजी समेला टाळून पुढच्या समेची ओढ लावतो, तसं हे आहे. कट कुठे केला नाही, हे पाहणाऱ्याला जाणवतं.

पैशांचं काय, हा प्रश्न पोरं विचारतातच. 'ओके गो' या अमेरिकन बँडनं २००६ मध्ये आठ ट्रेडमिल मांडल्या, समोर एक स्थिर कॅमेरा लावला आणि पूर्ण नाच एका सलग शॉटमध्ये केला. कट नाही, म्हणून एडिटिंगची लपवाछपवीही नाही. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. आपण श्वास रोखून पाहतो ते यामुळेच. मुंबईच्या कुर्ल्यातला रॅपर नेझी यानं २०१४ मधलं 'आफत' आयपॅडवर केलं, गाणंही आणि व्हिडिओही. चित्र खडबडीत आहे, पण ती वस्ती, ते बोलणं आणि तो खडबडीतपणा एकाच घरचे वाटतात. पैसे कमी असताना काय जमणार नाही याची यादी करण्यापेक्षा एक अट ठरवून ती शेवटपर्यंत पाळणं जास्त फळतं. एकच खोली, एकच दिवस, एकच शॉट, किंवा एकच दार.

स्वतःचा व्हिडिओ तपासायचा असेल तर आधी आवाज बंद करून पाहा. गाण्याशिवाय काय घडलं हे ज्यानं गाणं ऐकलेलंच नाही अशा माणसाला सांगायला लावा. मग डोळे मिटून नुसतं ऐका आणि मनात आलेली चित्रं लिहून काढा. मनात आलेलं आणि पडद्यावर दिसलेलं अगदी सारखं असेल तर व्हिडिओनं गाण्यात भर घातलेली नाही. अजिबातच संबंध नसेल तर तो संबंध मुद्दाम तोडलाय की नकळत तुटलाय, ते स्वतःला विचारा. भाच्यानं हा प्रयोग माझ्या शेजाऱ्यांवर केला. आवाज बंद असताना ते म्हणाले, "पुलावरचा पोरगा जाहिरातीतला दिसतोय, आणि म्हातारी गाव सोडून चाललीय." त्या एका वाक्यानं माझ्या तासाभराच्या बोलण्याचं काम केलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन दिवस पुन्हा शूट केलं. ड्रोन नाही, जॅकेट नाही. पूल फक्त सुरुवातीला, कोरड्या खुणांसकट. पहिल्या कडव्यात भाचा दिसतच नाही, नुसता आवाज आहे. आईचे हात, कडी, रात्रीचा दिवा. दुसऱ्या ध्रुवपदाला तो रिकाम्या घरात उभा राहून लेन्सकडे बघत गातो, सूत्रधारासारखा, आणि आई त्याच चौकटीतून बाहेर पडते. दोघं एका फ्रेममध्ये येत नाहीत, चौकट मात्र तीच. तिसऱ्या ध्रुवपदाला आवाज चालू राहतो आणि त्याचे ओठ थांबतात. तो दाराला खांदा लावून ते लोटायचा प्रयत्न करतो. पाच आवर्तनं, पंधरा सेकंद, एकही कट नाही. दार लागत नाही. मग तो कोपऱ्यातली खुर्ची ओढतो.

आईनं तो व्हिडिओ माझ्या फोनवर पाहिला. संपल्यावर म्हणाली, "खुर्ची वेगळी होती. हिरव्या पट्ट्यांची."